प्रश्न वाचकांचे : छोट्या संगणकाला समांतर मेमरी जोडताना

या खेपेला रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांत एक विषय सारखा येतोय. अ‍ॅड्रेस, डेटा आणि वाचा-लिहा सांगणाऱ्या लाइन वेगवेगळ्या असलेली समांतर मेमरी, किंवा तशीच वागणारी दुसरी चिप, रास्पबेरी पाय वा बीगलबोन या छोट्या संगणकांना जोडायची कशी? आयटूसी या दोन तारांच्या जोडणीची सवय झालेल्याला इथे एकदम पंचवीस-तीस तारा सांभाळायच्या असतात. आलेल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते: कुठल्या क्षणी डेटा लाइनवर कोण व्होल्टेज घालतंय, हे वायरिंग करण्याआधी कागदावर मांडलेलं नसतं. तेवढं मांडलं तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

प्रश्न : जुन्या कार्डावरून काढलेली ६२२५६ ही ३२ केबीची स्टॅटिक रॅम रास्पबेरी पाय ४ ला जोडली आहे. मेमरीला ५ व्होल्ट दिले आहेत. काही बिट नेहमी चुकीचे येतात आणि पाय चालू करताना आधी लिहिलेला डेटा बिघडतो. कुठे चुकतंय? (डिप्लोमाचा विद्यार्थी, चिपळूण)

आधी ती ५ व्होल्टची तार काढा. पायच्या जीपीआयओ पिना (प्रोग्रॅमने इनपुट किंवा आउटपुट करता येणाऱ्या पिना) ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्ट सोसणाऱ्या नाहीत. मेमरी वाचताना तिच्या डेटा पिना साडेतीन-चार व्होल्टच्या वर जातात आणि तो प्रवाह पायच्या आतल्या संरक्षक डायोडमधून वाहतो. आज चाललं म्हणून ते बरोबर ठरत नाही. एखादी पिन हळूहळू मरते आणि मग नेमका एकच बिट कायम चुकतो. तुमच्याकडे तेच सुरू झालेलं असू शकतं. चिप काढून प्रत्येक पिन आउटपुट करून मल्टिमीटरने तपासा, मग आतला पुल-अप (लाइन वर ओढणारा रोध) आणि पुल-डाउन (खाली ओढणारा) आळीपाळीने लावून ती इनपुट म्हणून बरोबर वाचते का ते बघा.

दोन मार्ग आहेत. सरळ मार्ग म्हणजे एएस६सी६२२५६ ही चिप घेणे. पिना त्याच, वेग ५५ नॅनोसेकंद, आणि ती २.७ ते ५.५ व्होल्टपर्यंत कुठेही चालते, म्हणजे पायच्या ३.३ व्होल्टवर थेट. जुनी, फक्त ५ व्होल्टसाठी बनवलेली चिप ३.३ वर कधी कधी चालते, पण तिची वेळ लांबते आणि उकाड्यात ती दगा देते. त्या भरवशावर काही बांधू नका. दुसरा मार्ग, जुनीच चिप वापरायची असेल तर डेटा लाइनमध्ये ७४एलव्हीसी२४५ हा दोन्ही दिशांनी चालणारा बफर घाला. त्याला ३.३ व्होल्टचा पुरवठा द्यायचा. त्याच्या पिना ५ व्होल्ट सोसतात. दिशेची पिन मेमरीच्या ओई (वाचन चालू करणाऱ्या) लाइनवरून चालवा, म्हणजे वाचतानाच बफरचं तोंड पायकडे होईल. अ‍ॅड्रेस आणि कंट्रोल लाइनला बफर लागत नाही, कारण मेमरीच्या इनपुटला सव्वादोन व्होल्टच्या आसपासच ‘हाय’ पुरतो. मात्र मध्ये ५ व्होल्टवर चालणारी ७४एचसी मालिकेची चिप घातलीत तर तिला साडेतीन व्होल्ट लागतात आणि ३.३ कमी पडतात. तिथे ७४एचसीटी घ्या.

बाजारात मिळणारी, बीएसएस१३८ मॉस्फेटची चिमुकली लेव्हल-शिफ्टर पाटी इथे घेऊ नका. तिच्यावर १० किलो-ओहमचे पुल-अप असतात. लाइनवर ५० पिकोफॅरड धरले तरी काळ-स्थिरांक ५०० नॅनोसेकंद येतो, म्हणजे ५५ नॅनोसेकंदांच्या मेमरीला नऊपट वाट बघायला लावायची. आयटूसीसाठी ती पाटी उत्तम आहे, अशा समांतर बससाठी (लाइनच्या जुडग्यासाठी) नाही.

आता चालू करताना डेटा बिघडण्याबद्दल. वीज आल्यापासून तुमचा प्रोग्रॅम सुरू होईपर्यंत पायच्या सगळ्या पिना इनपुट असतात आणि त्यांना आतून कमजोर पुल लावलेले असतात. जीपीआयओ ० ते ८ ला वर ओढणारे, ९ ते २७ ला खाली ओढणारे. तुमच्या आकृतीत डब्ल्यूई (लिहायला सांगणारी लाइन) १७ वर आणि सीई (चिप निवडणारी लाइन) २७ वर आहे. दोन्ही लाइन ‘लो’ झाल्या की मेमरी काम करते, आणि बूट होताना पाय त्या दोन्ही स्वतःच खाली ओढतो. म्हणजे बूटचा सगळा वेळ मेमरीला ‘लिही’ असा हुकूम चालू असतो.

पिनांची वाटणी अशी करा. सीई, ओई, डब्ल्यूई अनुक्रमे ८, ७, ६ वर. आठही डेटा लाइन १६ ते २३ वर सलग, म्हणजे एकाच वाचनात सोळा बिट सरकवून बाइट मिळतो. उरलेल्या २, ३, ४, ५, ९ ते १५ आणि २४ ते २७ या बरोबर पंधरा पिना अ‍ॅड्रेसला. ० आणि १ पायवर बसणाऱ्या हॅट या जोडपाटीच्या ओळखीसाठी राखीव असतात, त्यांना हात लावायची गरजही पडत नाही. आयटूसी, एसपीआय, वन-वायर आणि सिरियल कन्सोल या सगळ्यांना कॉन्फिगमधून सुट्टी द्या. शिवाय सीई आणि डब्ल्यूईला बाहेरून १० किलो-ओहमचा पुल-अप लावा. पिन चुकून पुल-डाउनवाली निघाली तरी आतल्या ५० किलो-ओहमविरुद्ध लाइन पावणेतीन व्होल्टवर राहते आणि ‘हाय’च धरली जाते.

पायथनने एकेक पिन हलवत बसलात तर ३२ केबी वाचायला कंटाळा येईल. सी भाषेत जीपीआयओची रजिस्टरं मेमरीत मॅप करा. एक रजिस्टर पिना ‘हाय’ करतं, दुसरं ‘लो’, तिसरं पातळी वाचतं. ‘हाय’ आणि ‘लो’ वेगळ्या रजिस्टरांत असल्यामुळे अ‍ॅड्रेस बदलताना मध्ये क्षणभर भलताच अ‍ॅड्रेस दिसतो. म्हणून लिहिताना क्रम मोडू नका: अ‍ॅड्रेस, मग डेटा, मग डब्ल्यूई खाली, मग वर, आणि त्यानंतरच बाकीचं. वाचताना अ‍ॅड्रेस घातल्यावर पातळीचं रजिस्टर दोनदा वाचा आणि पहिलं वाचन टाकून द्या. प्रोसेसर मेमरीपेक्षा पुढे पळतो, त्याला तेवढं थांबवावं लागतं.

आणि डेटा पिना आउटपुटवरून इनपुट केल्यावरच ओई खाली आणा. उलट केलंत तर पाय आणि मेमरी एकाच तारेवर समोरासमोर भिडतात.

प्रश्न : मेमरी तपासायचा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक जागी बाइट लिहायचा आणि लगेच वाचून ताडायचा. सगळं बरोबर आलं. नंतर लक्षात आलं की सॉकेटमध्ये चिपच नव्हती! हे कसं शक्य आहे? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, रत्नागिरी)

अगदी शक्य आहे, आणि फार लोक यात फसतात. डेटा लाइन ही तार आहे, आणि तारेला स्वतःची कपॅसिटन्स असते. दहा-पंधरा सेंटिमीटर तार, सॉकेट आणि पिन धरून ती ३० पिकोफॅरडच्या आसपास समजा. तुम्ही बाइट लिहिलात, पिना इनपुट केल्यात, आता तारेवरचा भार जायला वाटच नाही. गळती १ मायक्रोअँपिअर धरली तरी तो उतरायला साधारण १०० मायक्रोसेकंद लागतात. तुमचा प्रोग्रॅम त्याच्या कितीतरी आधी वाचतो आणि स्वतःच लिहिलेलं परत वाचून खूश होतो.

दोन बदल करा. डेटा लाइनना आतला पुल-डाउन लावा. ५० किलो-ओहम आणि ३० पिकोफॅरड म्हणजे दीड मायक्रोसेकंद, तेवढ्यात तार रिकामी होते. आणि लिहिणं-वाचणं एकाआड एक न करता आधी पूर्ण ३२ केबी लिहा, मग पूर्ण वाचा.

काय लिहायचं हेही महत्त्वाचं आहे. सगळीकडे ५५ लिहून ५५ वाचलं तर अ‍ॅड्रेस लाइनबद्दल काहीच कळत नाही. पंधराही अ‍ॅड्रेस लाइन तुटलेल्या असल्या तरी चाचणी पास होईल. आधी एकाच जागी १, २, ४, ८ असा एकेक बिट सरकवत डेटा लाइन तपासा. दोन लाइन चिकटल्या असतील तर एका बिटाबरोबर शेजारचाही उठतो. मग अ‍ॅड्रेस ०, १, २, ४, ८ असं दुप्पट करत १६३८४ पर्यंत, या सोळा जागांवर सोळा वेगळे बाइट लिहा आणि नंतर सगळे वाचा. ०व्या जागेवर समजा १०२४व्या जागेचा बाइट सापडला, तर ए१० लाइन तुटलेली आहे किंवा एका पातळीला चिकटलेली आहे. दोन दुप्पट-जागांवर एकच बाइट दिसला तर त्या दोन अ‍ॅड्रेस लाइन आपसात जोडल्या गेल्यात. बहुतेक वेळा सोल्डरचा बारीक पूल निघतो. शेवटी पूर्ण मेमरीत अ‍ॅड्रेसच्या खालच्या आणि वरच्या बाइटाचा एक्स-ऑर लिहून तपासा, मग त्याचा उलटा नमुना.

साध्या स्टॅटिक रॅमच्या बाबतीत एक सूट आहे. अ‍ॅड्रेस लाइनचा क्रम आपसात बदलला, किंवा डेटा लाइनचा, तरी काही बिघडत नाही. ज्या जागी लिहिलं तिथूनच वाचलं जातं. पाटीवर ट्रॅक सरळ जात असतील तर खुशाल अदलाबदल करा. ही सूट ईप्रॉमला, २८सी२५६ सारख्या ईईप्रॉमला किंवा फ्लॅशला, म्हणजे वीज गेली तरी डेटा टिकवणाऱ्या मेमरींना, नाही.

प्रश्न : बीगलबोन ब्लॅकच्या जीपीएमसीवर १६ बिटांची स्टॅटिक रॅम जोडली आहे. वरचे आठ बिट बरोबर येतात, खालचे आठ कचरा. कधी कधी बोर्ड बूटच होत नाही. (प्राध्यापक, देवरुख)

जीपीएमसी हा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम३३५८ प्रोसेसरमधला समांतर मेमरी चालवणारा खास विभाग. एकदा वेळा भरल्या की अ‍ॅड्रेस, डेटा आणि सगळ्या कंट्रोल लाइन तो स्वतः हलवतो, प्रोग्रॅमला ती मेमरी नुसत्या पॉइंटरने दिसते. या कामासाठी बीगलबोन पायपेक्षा उजवा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तुमची लक्षणं मात्र थेट एका जागी बोट दाखवतात. जीपीएमसीच्या एडी० ते एडी७ या आठ लाइन बोर्डावरच्या ईएमएमसी साठवणीच्या डेटा लाइनही आहेत. तुम्ही सीएसएन१ ही चिप निवडणारी लाइन वापरलीय, म्हणजे पी८ हेडरची २१ नंबरची पिन. तीच ईएमएमसीचं घड्याळ आहे, आणि सीएसएन२ ची २० नंबरची पिन ईएमएमसीची कमांड लाइन. मेमरी निवडताना तुम्ही प्रत्येक वेळी ईएमएमसीला घड्याळाचा ठोका देताय. एडी८ ते एडी१५ वर तिचा संबंध नाही, म्हणून वरचा बाइट स्वच्छ येतो.

उपाय: सिस्टिम एसडी कार्डावर घ्या, बूटच्या यूएन्व्ह फाइलमधली ईएमएमसीचं ओव्हरले (ती चालू करणारा जोडणीचा तपशील) बंद करणारी ओळ उघडी करा, म्हणजे तिच्यापुढची # खूण काढा. मेमरी सीएसएन० वर न्या. ती पी८ ची २६ नंबरची पिन आहे आणि ईएमएमसीशी तिचा वाद नाही. तिला १० किलो-ओहमचा पुल-अप ३.३ व्होल्टला. ईएमएमसी पाटीवर तशीच राहते, तिची कपॅसिटन्सही राहते, त्यामुळे खालच्या आठ लाइनचा चढ-उतार वरच्यांपेक्षा थोडा मंद असणार हे गृहीत धरा. मेमरीचा पुरवठा पी९ च्या ३ किंवा ४ नंबरच्या पिनेवरूनच घ्या, बाहेरून नको. बोर्डाला वीज येण्याआधी त्याच्या पिनांवर व्होल्टेज आलेलं त्याला चालत नाही.

दुसरं, लॅच, म्हणजे आलेली पातळी पकडून ठेवणारी चिप. इथे अ‍ॅड्रेस आणि डेटा त्याच सोळा लाइनवर आळीपाळीने येतात. अ‍ॅड्रेस पकडून ठेवायला दोन ७४एलव्हीसी५७३ लागतात. एडीव्ही (पत्ता आल्याची खूण देणारी) लाइन अ‍ॅड्रेस असताना ‘लो’ असते, आणि ५७३ चा लॅच ‘हाय’ला उघडतो. मध्ये ७४एलव्हीसी१जी०४ हा एकच इन्व्हर्टर घातला नाही तर लॅच नेमका उलट वेळी उघडतो आणि अ‍ॅड्रेस म्हणून डेटा पकडतो. तुमच्या आकृतीत इन्व्हर्टर दिसत नाही. आणखी एक: १६ बिटांच्या जोडणीत एडी० वर ए० येत नाही, ए१ येतो, कारण पत्ता बाइटांत मोजलाय आणि मेमरी शब्दांत. एडी० चं लॅचमधून निघालेलं आउटपुट मेमरीच्या ए० ला जोडा. सोळा लाइनवर ६४ हजार शब्द, म्हणजे १२८ केबी मिळतात. मेमरी मोठी असेल तर तिच्या वरच्या अ‍ॅड्रेस पिना जमिनीला.

वेळा. जीपीएमसीचं घड्याळ १०० मेगाहर्ट्झचं, म्हणजे एक ठोका १० नॅनोसेकंद. ५५ नॅनोसेकंदांच्या मेमरीसाठी वाचनाची सुरुवात अशी करा: एडीव्ही ०ला खाली, ३ऱ्या ठोक्याला वर, ओई ५व्याला खाली, डेटा उचलायचा १२व्याला, ओई आणि सीएस १३व्याला वर, पूर्ण फेरी १५ ठोके. लिहिताना एडीव्ही तसाच, डेटा बसवर ४थ्याला, डब्ल्यूई ५व्याला खाली आणि ११व्याला वर, फेरी १३. हे सैल आकडे आहेत. चाललं की एकेक ठोका कमी करा. वाचनानंतर बस मोकळी व्हायला दोन-तीन ठोके वेगळे ठेवायला विसरू नका. संथ मेमरी ओई वर गेल्यावरही वीस-तीस नॅनोसेकंद लाइन सोडत नाही, आणि तेवढ्यात जीपीएमसी पुढचा अ‍ॅड्रेस घालायला येतो. एकेक वाचन बरोबर आणि सलग वाचनात चुका, असं दिसलं की कारण बहुधा हेच.

डिव्हाइस ट्रीमध्ये (लिनक्सला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) वेळा नॅनोसेकंदांत लिहायच्या असतात, रजिस्टरमध्ये ठोक्यांत. ही सरमिसळ झाली की सगळं दहापट चुकतं. प्रोग्रॅमला ‘बस एरर’ येऊन तो मरत असेल तर जीपीएमसीचं घड्याळच बंद आहे, डिव्हाइस ट्रीमध्ये तो विभाग चालू झालेला नाही.

प्रश्न : आमच्या आमरस कॅनिंगच्या कारखान्यात जुना कंट्रोलर आहे. त्यातल्या २७सी२५६ ईप्रॉमची नक्कल करून ठेवायची आहे. रास्पबेरी पायने वाचता येईल का? (देखभाल विभाग, रत्नागिरी तालुका)

येईल, आणि हंगामाआधीच करा. ईप्रॉममधला भार वर्षानुवर्षांनी गळतो, आणि चिपच्या खिडकीवरचा कागद निघालेला असेल तर उन्हानेही जातो.

ही चिप ५ व्होल्टवरच वाचायची. डेटा लाइनमध्ये वर सांगितलेला ७४एलव्हीसी२४५, अ‍ॅड्रेस थेट. १४ नंबरची पिन जमीन, २८ पुरवठा, २० सीई, २२ ओई. १ नंबरची व्हीपीपी पिन वाचताना ५ व्होल्टला बांधायची. ६२२५६ साठी केलेल्या पाटीत ती तशीच घालू नका: तिथे १ नंबर ए१४ आहे आणि २७ नंबर डब्ल्यूई, तर ईप्रॉममध्ये ए१४ हा २७ नंबरला आहे. तशीच घातली तर डब्ल्यूईची लाइन वर असल्यामुळे वरचा अर्धा भागच दोनदा वाचला जाईल आणि फाइल दिसायला ठीकठाक वाटेल. फाइलीचे दोन अर्धे हुबेहूब सारखे आले तर हा गोंधळ झालाय का ते आधी बघा.

पुरवठा ४.७५, ५ आणि ५.२५ व्होल्ट ठेवून तीन वेळा वाचा आणि फाइली ताडून बघा. तिन्ही सारख्या आल्या तर निश्चिंत. फरक आला तर ४.७५ वरची फाइल जास्त विश्वासाची. कारण ईप्रॉममध्ये भार असलेला बिट ० वाचला जातो. भार कमी झाला की जास्त व्होल्टेजवर तो आधी १ दिसायला लागतो. फरक असलेले बाइट कागदावर उतरवून ठेवा. नवीन चिप मात्र पायने भरायच्या फंदात पडू नका. २७सी२५६ ला पावणेतेरा व्होल्टच्या आसपासचा प्रोग्रॅमिंग पुरवठा लागतो, त्यासाठी साधा यूएसबी प्रोग्रॅमर बरा.

बदली म्हणून २८सी२५६ घालायची असेल तर १ आणि २७ नंबर पिनांची अदलाबदल करणारं अडॅप्टर लागेल. ती भरल्यावर सॉफ्टवेअर संरक्षण चालू करा: ५५५५ला एए, २एएएला ५५, ५५५५ला ए०, हे सगळे आकडे हेक्समध्ये. अ‍ॅड्रेस लाइनचा क्रम बदललेला असेल तर ही किल्ली लागत नाही. आणि पायवरून ६४ बाइटांचं पान एकदम लिहिताना दोन बाइटांमध्ये १५० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला तर चिप पान तिथेच बंद करते. लिनक्स मध्येच दुसऱ्या कामाला गेला की नेमकं हेच होतं. पानाचे काही बाइटच लिहिले गेलेले दिसले तर एकेक बाइट लिहा आणि प्रत्येकानंतर १० मिलिसेकंद थांबा. ३२ केबीला साडेपाच मिनिटं लागतात, लागू देत.

प्रश्न : बर्फाच्या कारखान्यात तापमानाची नोंदपेटी बसवली आहे: पाय झिरो, एएस६सी६२२५६ आणि वीज गेल्यावर डेटा टिकावा म्हणून सीआर२०३२ बॅटरी. मासेमारीबंदीत कारखाना बंद असतो. नंतर उघडून बघावं तर बॅटरी मेलेली. दमट हवेमुळे असेल का? (तंत्रज्ञ, देवगड)

हवा दोषी आहे, पण तिचा नंबर दुसरा. आधी तुमची आकृती.

सीईचा १० किलो-ओहमचा पुल-अप तुम्ही बॅटरीच्या बाजूला बांधलाय, ते बरोबर. पण ती लाइन थेट पायच्या पिनेला जाते. पाय बंद असताना ती पिन आतल्या डायोडमधून मेलेल्या ३.३ व्होल्टकडे उघडी असते. बॅटरीचे ३ व्होल्ट, डायोडचा ०.६ व्होल्ट उतार, १० किलो-ओहम: साधारण २४० मायक्रोअँपिअर. सीआर२०३२ची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. हिशेब ९१७ तासांचा, म्हणजे ३८ दिवस. बंदी त्याहून लांब असते. मेमरी स्वतः दोन-तीन मायक्रोअँपिअरवर वर्षानुवर्षं टिकली असती.

पाय आणि सीईच्या मध्ये ७४एलव्हीसी१जी०७ हा ओपन-ड्रेन (लाइन फक्त खाली ओढणारा) बफर घाला, पुरवठा पायच्या ३.३ व्होल्टचा. तो बंद असताना त्याच्या आउटपुटमधून उलटा प्रवाह वाहत नाही. बॅटरी आणि ३.३ व्होल्ट जोडणारे दोन्ही डायोड तुम्ही १एन५८१९ घेतलेत. शॉट्की डायोडचा उतार कमी म्हणून लोक तो घेतात, पण उलट दिशेने तो गळतो, आणि तापलेल्या पत्र्याच्या पेटीत जास्तच. ३.३ व्होल्टच्या बाजूला बीएटी८५ घ्या, बॅटरीच्या बाजूला १एन४१४८ पुरे.

आता हवा. मिठाचा थर आणि फ्लक्सचा उरलेला चिकटा यांना पावसाळ्यात ओल लागली की पिनांच्या मधली जागा वाहायला लागते. त्या थराचा रोध १ मेगा-ओहम झाला तर ३ मायक्रोअँपिअर जातात, म्हणजे बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर. १०० किलो-ओहम झाला तर ३० मायक्रोअँपिअर, आणि बॅटरी वर्षही काढत नाही. पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने दोन्ही बाजूंनी धुवा, ६० अंशांच्या आसपास दोन-तीन तास नीट वाळवा, मगच अ‍ॅक्रिलिक कोटिंग द्या. ओल आत ठेवून कोटिंग दिलं तर ती कायमची कोंडली जाते. कनेक्टर आणि सॉकेट टेपने झाकून घ्या. केबल पेटीच्या खालच्या बाजूने आत न्या आणि त्याआधी तिला खाली झोका द्या, म्हणजे पाणी तारेवरून आत येणार नाही. बर्फाच्या खोलीतून बाहेर आणलेली पेटी लगेच उघडू नका, थंड पाटीवर दव धरतं.

समांतर बसला ब्रेडबोर्ड किनाऱ्यावर आम्ही सुचवतच नाही. पंचवीस-तीस संपर्कांपैकी एकावर हिरवी-काळी पुटं चढली की चूक कधी येईल याचा नेम राहत नाही. गोल भोकाचं मशिन्ड सॉकेट सोल्डर करा, चपट्या पत्तीचं स्वस्त सॉकेट नको.

नवीन पेटी बांधणार असाल तर बॅटरीच सोडून द्या आणि एफएम१८डब्ल्यू०८ ही फेरोइलेक्ट्रिक रॅम घ्या. ३२ केबी, २.७ ते ५.५ व्होल्ट, पिनांची मांडणी तीच. बारीक पायांच्या एसओआयसी बांधणीत येते म्हणून अडॅप्टर पाटी लागेल. तुमच्या प्रोग्रॅममध्ये एक बदल आवश्यक आहे. ही चिप सीई खाली येण्याच्या क्षणी अ‍ॅड्रेस पकडते. सीई कायम खाली ठेवून नुसता अ‍ॅड्रेस बदलत गेलात तर प्रत्येक वेळी पहिलाच बाइट मिळत राहील. प्रत्येक बाइटसाठी सीई वर न्या आणि पुन्हा खाली आणा. सीईचा पुल-अप इथेही हवाच, नाहीतर वीज जाताना अर्धवट जागा असलेला पाय काहीतरी लिहून ठेवतो.

प्रश्न : पायमध्ये एसएमआय नावाची समांतर बस आहे असं वाचलं. ती ६२२५६ ला लावता येईल का? आणि पाय ५ वर? (विद्यार्थी, अलिबाग)

पाय ४ पर्यंत एसएमआय आहे. डेटा जीपीआयओ ८ ते २५ वर, १८ बिटांपर्यंत. वाचा आणि लिहा ६ व ७ वर. अ‍ॅड्रेस ० ते ५ वर. म्हणजे सहाच अ‍ॅड्रेस लाइन आणि चौसष्ट जागा, आणि चिप सिलेक्ट नाहीच. ३२ केबीची मेमरी थेट लागत नाही. दोन लॅच घालून आधी अ‍ॅड्रेस लिहायचा आणि मग डेटा, असं करता येतं, पण वेग तिथेच जातो. एसएमआय शोभते ती फिफो, समांतर एडीसी किंवा एफपीजीएसाठी, जिथे एकाच जागेवरून सलग शब्द उपसायचे असतात.

पाय ५ मध्ये जीपीआयओ आरपी१ या वेगळ्या चिपवर गेले, ती पीसीआय एक्स्प्रेसच्या पलीकडे बसते आणि तिच्यात एसएमआय नाही. एकेक पिन वाचायला प्रत्येक वेळी तेवढी फेरी मारावी लागते. तिथे मध्ये रास्पबेरी पाय पिको ही मायक्रोकंट्रोलरची छोटी पाटी ठेवा. तिच्या बाहेर आलेल्या पिना २६ आहेत: ० ते २२ आणि २६ ते २८. ६२२५६ ला पंधरा अ‍ॅड्रेस, आठ डेटा, तीन कंट्रोल, म्हणजे बरोबर २६ लागतात. पिकोचे पीआयओ (पिना हलवणारे आतले खास विभाग) वेळा चोख पाळतात, लिनक्स मध्ये येत नाही, आणि पायशी बोलायला यूएसबी उरतंच. पिकोही ३.३ व्होल्टचीच आहे, त्यामुळे ५ व्होल्टच्या चिपला बफर इथेही लागेल.

प्रश्न : मेमरीपर्यंत तारा किती लांब चालतील? (वाचक, वेंगुर्ले)

सुट्या तारा १५ सेंटिमीटरच्या आत. त्याहून लांब हवं असेल तर रिबन केबल घ्या आणि एकाआड एक तार जमिनीला लावा. डब्ल्यूई लाइनमध्ये पाठवणाऱ्याच्या टोकाला ३३ ओहम, कारण त्या लाइनवर झंकार उठला तर एका लिहिण्याची दोन होतात, आणि दुसरं भलत्या जागी पडतं. प्रत्येक चिपच्या पुरवठ्याच्या पिनेला चिकटून १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, पाटीला एक १० मायक्रोफॅरडचा. लॅमिंग्टन रोड किंवा तपकीर गल्लीतून माल मागवताना शंभर नॅनोफॅरडचे पन्नास एकदमच मागवा. कुरिअरचा खर्च तेवढाच येतो आणि कपॅसिटर कमी आहेत म्हणून ते वगळायचा मोह होत नाही.